सायकलसोबत श्वान : सुटू शकेल अशी गाठ

बैलगाडीच्या सावलीतून चालणाऱ्या कुत्र्याला, गाडी आपणच ओढतो आहोत असे वाटते, अशी थट्टा मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. त्या थट्टेतला कुत्रा मात्र सुखी होता. गाडीचा वेग बैलांच्या चालण्याचा, डोक्यावर सावली, पायाखाली माती आणि गळ्यात दोरी नाही. दमला तर तो बांधावर बसे आणि मागाहून आपल्या सवडीने घर गाठी.

आज निगडी प्राधिकरणातील रुंद रस्त्यांवर, स्पाइन रोडच्या कडेने किंवा पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांभोवती सकाळी सहाच्या सुमारास निराळे दृश्य दिसते. सायकल पुढे निघालेली, शेजारी जीभ बाहेर काढून धावणारा लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्ड, त्याच्या गळ्यात पट्टा आणि पट्ट्याची दोरी सायकलच्या मुठीला दोन वेढे देऊन गुंडाळलेली. पाहणाऱ्याला कौतुक वाटते. सगळा धोका त्या दोन वेढ्यांत आहे, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. समोरून मांजर आडवे गेले की कुत्रा झेप घेतो, मूठ वळते, चाक आडवे होते आणि स्वार, सायकल व कुत्रा तिघेही रस्त्यावर येतात. मागून कंपनीची बस येत नसली तर ते नशीब.

अशा प्रकारे कुत्र्याला धावविण्याची गरज मुळात खरी आहे. पिंपरी-चिंचवडमधील बहुतेक पाळीव कुत्री आता सदनिकांत राहतात. घरातील माणसे पाळीच्या वेळा सांभाळून चाकण, तळवडे, हिंजवडीच्या दिशेने जातात आणि मैलोन्‌मैल धावण्यासाठी घडलेला प्राणी दिवसभर गॅलरीत बसून राहतो. सोफा फाडणे, अखंड भुंकणे, अंगावर मेद चढणे हे त्याचे परिणाम. कायद्यानेही या गोष्टीची दखल घेतली आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या अधिनियमातील कलम ११ नुसार, सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे ही मालकाची क्रूरता ठरते. त्याच कलमात प्राण्याला अतिरेकी पिटाळणे हीदेखील क्रूरताच आहे. मालकाला वाट काढायची आहे ती या दोहोंच्या मधून.

श्रावकाचाराशी परिचित असलेल्या वाचकांना ही वाट नवी वाटणार नाही. अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांतील पहिला बंध, म्हणजे बांधणे. चौथा अतिभारारोपण आणि पाचवा अन्नपाननिरोध. विवेचनकारांनी बंधाचेही दोन प्रकार मानले. एक निर्दय, आवळलेला. दुसरा सापेक्ष, म्हणजे गाठ ढिली, प्राण्याला हालचाल करता येईल आणि आग लागली तर चटकन सोडता येईल अशी. गोठ्यातील जनावरासाठी शेकडो वर्षांपूर्वी केलेला हा विचार सायकलशेजारच्या कुत्र्याला तंतोतंत लागू पडतो. साधन कोणत्याही कंपनीचे असो, त्याला विचारायचे प्रश्न तेच राहतात : याची ओढ कुत्र्याच्या शरीरात कोठे पोहोचते, तो दमल्याचे स्वाराला कसे कळते, आणि संकटात ही गाठ किती क्षणांत सुटते?

साधनाच्याही आधी कुत्र्याकडे पाहावे लागते. पग, शित्झू, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींना सायकलबरोबर धावविणे वर्ज्यच समजावे. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. धापा टाकूनच तो शरीराची उष्णता बाहेर टाकतो आणि या जातींत नेमका श्वासमार्गच अरुंद असतो. मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे मागे जाणारा पग घराघरांत आवडता झाला, परंतु त्या जाहिरातीतही तो चालण्याच्याच गतीने जात होता. पिल्लांची हाडे वाढीची असतात. मध्यम व मोठ्या जातींत ती पक्की होण्यास वर्ष ते दीड वर्ष लागते. तोवर कठीण रस्त्यावरची सक्तीची दौड नको. याउलट मुधोळ किंवा कारवानी हे आपल्याच दख्खनचे शिकारी कुत्रे अंगाने सडपातळ आणि धावण्यासाठीच जन्मलेले. भारतीय टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांवर काढलेल्या तिकिटांत मुधोळचा समावेश होता. रस्त्यावरून उचलून आणलेला साधा गावठी कुत्राही या कामात विदेशी जातींना सहज मागे टाकतो. अर्थात पशुवैद्याने हृदय, सांधे आणि वजन तपासल्यावरच.

आता गळ्याचा पट्टा. महापालिकेच्या परवान्याचा बिल्ला आणि मालकाचा दूरध्वनी क्रमांक अडकविण्यासाठी तो जरूर असावा. दोरी मात्र त्याला कधीही बांधू नये. पायी फिरताना बसणारा हिसका आणि ताशी १२ किलोमीटर वेगाने जाताना बसणारा हिसका यांत फार अंतर आहे, आणि गळ्यात श्वासनलिका, रक्तवाहिन्या, थायरॉइड अशी नाजूक व्यवस्था एकवटलेली असते. २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पशुवैद्यकीय अभ्यासात, गळ्याच्या पट्ट्याला ताण दिला असता कुत्र्याच्या डोळ्यांतील दाब वाढल्याचे आढळले. तोच ताण हार्नेसला दिला तेव्हा तो तसा वाढला नाही. आवळणारी साखळी किंवा आत टोके असलेला पट्टा यांविषयी तर बोलण्याचे कारणच नाही.

म्हणून हार्नेस. दुकानात गेल्यावर पाचपन्नास प्रकार दिसतात, परंतु निवड सोपी आहे. समोरून पाहिल्यास पट्ट्यांचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसला पाहिजे. म्हणजे ओढ छातीच्या हाडावर येते, गळा मोकळा राहतो आणि खांदे पुढे-मागे हलू शकतात. छातीवरून सरळ आडवा पट्टा जाणारा प्रकार दिसायला भक्कम असतो, पण प्रत्येक पावलाला खांद्याची हालचाल अडवतो. चालताना ते जाणवत नाही, तीन किलोमीटर धावल्यावर जाणवते. दोरी अडकविण्याची कडी पाठीवर हवी. ओढाळ कुत्र्याला वळविण्यासाठी छातीवर कडी दिलेले किंवा ताण पडला की आवळणारे हार्नेस सायकलसाठी उपयोगाचे नाहीत, कारण ते धावत्या प्राण्याला अवचित आडवे फिरवितात. काखेत दोन बोटे सहज जावीत एवढी सैल जागा ठेवावी आणि पहिल्या आठ दिवसांत तेथील केस घासले गेले आहेत का, हे रोज पाहावे. चामड्याची वस्तू घरात न आणणाऱ्यांचीही येथे अडचण होत नाही. नायलॉनची रुंद पट्टी आणि आतून मऊ जाळीदार अस्तर हे चामड्यापेक्षा हलके, पावसात न कडकणारे आणि धुता येण्याजोगे असते. चामड्याचा पट्टा पावसाळ्यात भिजून वाळला की कडा धारदार होतात, हे ज्यांनी वापरला त्यांना ठाऊक आहे.

खरी निवड पुढे आहे : कुत्रा सायकलला जोडायचा कोठे?

हाताने दोरी धरणे म्हणजे एका हाताने सायकल चालविणे. त्यात एक ब्रेकही हातचा जातो. मुठीला बांधण्याचा परिणाम वर आलाच आहे. कमरेला बांधल्यास स्वार सीटवरून ओढला जातो. आपोआप गुंडाळणारी दोरी तर सर्वांत फसवी. ती लांबत जाते आणि पुढच्या चाकात शिरते. यावर परदेशात दोन प्रकारच्या दांड्या रूढ झाल्या. एक वॉकीडॉग नावाने मिळते. ती सीटखालच्या दांडीला पकडीने बसते आणि तिच्या नळीत ताणली जाणारी लवचीक दोरी असते. दुसरी स्प्रिंगर. ती त्याहून खाली, मागच्या चाकाजवळच्या चौकटीला बसते आणि तिच्या मुळाशी जाड स्प्रिंग असते. कुत्र्याने झेप घेतली तर स्प्रिंग वाकते आणि हिसका तिच्यातच बराचसा जिरतो.

दोन्हींत कामाचा भाग उंचीचा आहे. समजा, कुत्र्याने बाजूला २० किलोचा हिसका दिला. तो जमिनीपासून १ मीटर उंचीवर लागला तर सायकल उलथविण्याचा त्याचा जेवढा जोर असेल, त्याच्या अवघा ४० टक्के जोर ४० सेंटिमीटर उंचीवर राहतो. पहारीचा उपयोग ज्याने केला आहे त्याला हे गणित सांगावे लागत नाही. त्यामुळे वजनदार, उसळणाऱ्या कुत्र्यासाठी खालची दांडी आणि हलक्या, शांत कुत्र्यासाठी सीटखालची, असा साधारण ठोकताळा धरण्यास हरकत नाही. विकत घेण्यापूर्वी सीटच्या दांडीची जाडी मोजावी. गियरच्या आधुनिक सायकलींत ती बहुधा २७.२ किंवा ३१.६ मिलिमीटर असते, जुन्या काळ्या सायकलींत बारीक. पकड सैल बसली तर दांडी पहिल्याच हिसक्याला गोल फिरते. कार्बनच्या दांडीवर कोणतीही पकड आवळू नये, ती तडकते.

बाजू कोणती, हा प्रश्न परदेशी माहितीपत्रके वाचून सुटत नाही. तेथील चित्रांत कुत्रा बहुधा उजवीकडे असतो, कारण त्या देशांत वाहने उजव्या बाजूने चालतात. आपण डावीकडून चालणारे. तेव्हा कुत्रा डावीकडे, पदपथाच्या बाजूला, आणि वाहने व तो यांच्यामध्ये सायकल. यात अनायासे आणखी एक लाभ होतो : चेन व गियर उजवीकडे असल्याने शेपूट किंवा दोरी त्यांत सापडण्याचा धोका टळतो. अडचण एकच, आपल्याकडील सायकलींचा स्टँड नेमका डावीकडे असतो. वर दुमडल्यावरही तो बाहेर डोकावतो आणि कुत्र्याच्या पायाला लागतो. तो काढून टाकावा किंवा मागच्या चाकाजवळ घट्ट बसणारा लावून घ्यावा. कॅरिअर आणि मडगार्डच्या उघड्या कडांकडेही एकदा हात फिरवून पाहावे.

परदेशी दांडी महाग पडते आणि औद्योगिक नगरीत राहणाऱ्या माणसाला लगेच दुसरा विचार सुचतो. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतला कोणताही वेल्डर तासाभरात नळी वाकवून, पकड जोडून अशी दांडी करून देईल. गाड्यांचे सुटे भाग घडविणाऱ्या गावाला हे अवघड नाही, हेही खरे. मात्र कडक, सरळ, वेल्ड केलेली दांडी ही दांडी नसल्यापेक्षा वाईट, कारण ती हिसका गिळत नाही. तो जसाच्या तसा एकीकडे सायकलच्या चौकटीला आणि दुसरीकडे कुत्र्याच्या पाठीला पोहोचविते. करून घ्यायचीच असेल तर मुळाशी स्प्रिंग हवी, टोक गोलसर हवे, टोकाला फिरती कडी हवी आणि शेवटचा जोड सुटणारा हवा.

या शेवटच्या जोडाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. बाजारातल्या साध्या दोरीचा हुक ताण नसताना बोटाने उघडतो. ताण असताना उघडत नाही. कुत्रा विजेच्या खांबाच्या एका बाजूने आणि सायकल दुसऱ्या बाजूने गेली, की नेमका तो ताण असतो. घोड्यांच्या आणि शिडाच्या होड्यांच्या सामानात एक निराळा हुक मिळतो. त्याची कळ किंवा दोरी ओढली की पूर्ण ताणातही तो क्षणात उघडतो. काही तयार दांड्यांत ठरावीक जोराच्या पुढे आपोआप सुटणारा जोड असतो. दोन्हींपैकी एक असल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नये. सुटलेला कुत्रा वाहनांत धावेल, ही भीती रास्त आहे. म्हणूनच हाक मारताच परत येण्याची सवय ही सायकलला हात लावण्यापूर्वीची तयारी मानावी. तरीही, सायकलखाली अडकून फरफटत जाण्यापेक्षा सुटलेला कुत्रा बरा.

दांडीची लांबी जोखण्याची रीत सोपी आहे. सायकल उभी करून कुत्र्याला जोडावे आणि त्याला चारही दिशांना जाऊ द्यावे. त्याचा खांदा पेडल आणि मागच्या चाकाचा आस यांच्या मधोमध असताना दोरी किंचित सैल राहिली पाहिजे. तो पुढच्या चाकासमोर पोहोचू शकत असेल किंवा मागच्या चाकामागून पलीकडे जाऊ शकत असेल, तर दोरी लांब आहे.

सायकलीविषयी थोडेच. रुंद टायरची, सरळ मुठीची, बुटकी आणि ब्रेक चांगले असलेली. शर्यतीची बारीक टायरची नको. मागे लाल दिवा, कुत्र्याच्या हार्नेसवर चमकणारी पट्टी आणि स्वाराच्या डोक्यावर हेल्मेट.

यानंतर उरतो रस्ता, आणि पिंपरीत तो साधनांइतकाच विचारपूर्वक निवडावा लागतो. औद्योगिक वसाहतीतील रस्ते रविवारी ओस असतात म्हणून अनेकांना ते सोयीचे वाटतात. परंतु लेथचा कीस आणि भंगार वाहून नेणाऱ्या टेम्पोंतून सांडलेले लोखंडी तुकडे कडेच्या धुळीत पडून असतात. सायकलच्या टायरला ते कळतात पंक्चर झाल्यावर. कुत्र्याच्या तळव्यात रुतले तर तो अनेकदा लंगडतही नाही, उत्साहाच्या भरात धावत राहतो. घरी आल्यावर चारही पंजे उलटे करून बोटांच्या बेचक्यांसह पाहणे हा नेम ठेवावा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसची भीती असते, खड्ड्याची खोली दिसत नाही ते वेगळेच. शक्य तेथे डांबर सोडून मातीची कडा धरावी.

उन्हाविषयी कितीही सांगितले तरी थोडेच. हवेचे तापमान ३० अंशांच्या आसपास असतानाही भर उन्हातले डांबर ६० अंशांच्या घरात जाऊ शकते. हाताचा मागचा भाग रस्त्यावर सात सेकंद ठेवता आला नाही, तर तेथे कुत्र्याने पाय ठेवू नये. कुत्र्याच्या शरीराचे तापमान मुळातच ३८ ते ३९ अंश असते आणि ते ४१ च्या वर गेले की जीव धोक्यात येतो. एप्रिल-मेमध्ये सूर्योदयाच्या आगेमागेचा अर्धा तास एवढीच काय ती वेळ. संध्याकाळी सूर्य मावळला तरी रस्ता तापलेलाच असतो. पायमोजे घालून ही मर्यादा ओलांडता येईल असे कोणी समजू नये. तळवे वाचतील, उष्णता शरीरातच राहील. कुत्रा डगमगू लागला, लाळ दाट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या तर तत्काळ सावलीत नेऊन अंगावर नळाचे पाणी ओतावे, वारा घालावा आणि पशुवैद्याकडे निघावे. पाण्याची बाटली व पसरट भांडे सायकलला कायम हवे. ते विसरणे म्हणजे वर सांगितलेला पाचवा अतिचारच.

आणि वस्तीतले कुत्रे. प्रत्येक गल्लीची, प्रत्येक चौकाची हद्द ठरलेली असते आणि धावत येणारा परका कुत्रा हे तिला दिलेले आव्हान असते. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही आणि लढताही येत नाही. टोळी मागे लागली की स्वाराचा पाय आपोआप जोरात पेडल मारू लागतो, हीच चूक. वेग कमी करावा, उतरावे, सायकल मध्ये आडवी धरावी आणि आपल्या कुत्र्याला जवळ घेऊन चालत पुढे सरकावे. त्यांच्या हद्दीबाहेर गेल्यावर टोळी बहुधा आपण होऊन थांबते. पहाटे जेथे भूतदयेने पोळ्या किंवा बिस्किटे घातली जातात, ती ठिकाणे माहीत करून घेऊन टाळावीत. खाण्याभोवती तंटा लवकर पेटतो. रेबीजची लस वेळेवर दिलेली असणे महापालिकेच्या परवान्यासाठी लागतेच. तरीही माणसाला चावा बसला, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

किती धावावे, याचे एक माप जर्मनीत आहे. जर्मन शेफर्डच्या प्रजननासाठी घेतल्या जाणाऱ्या सहनशक्तीच्या परीक्षेत कुत्रा सायकलशेजारी ताशी १२ ते १५ किलोमीटर गतीने, मध्ये विश्रांती घेत, २० किलोमीटर धावतो; १६ महिन्यांखालील कुत्र्याला त्यात प्रवेश नसतो. ही सरावलेल्या कुत्र्याची, थंड हवेतली कमाल आहे. आपल्याकडे तिचा चौथा हिस्सादेखील पुष्कळ झाला. त्याच देशाच्या वाहतूक नियमांत सायकलवरून फक्त कुत्रा नेण्यास मुभा आहे आणि मोटारवाहनावरून कोणताही प्राणी नेण्यास मनाई. पिंपरीत स्कूटरच्या मागे साखळीने धावविले जाणारे कुत्रे पाहिले की हा फरक का केला असावा, ते कळते. सायकलस्वाराला स्वतःलाही धाप लागते, म्हणून शेजारची धाप त्याला ऐकू येते. ॲक्सिलरेटर पिळणाऱ्या मनगटाला धाप लागत नाही.

म्हाताऱ्या, लहान किंवा चपट्या नाकाच्या कुत्र्यालाही सायकलची सोबत हवी असेल तर पुढची टोपली आहे. पाच-सहा किलोपर्यंतचा कुत्रा तिच्यात बसतो. आत आखूड दोरीने त्याचा हार्नेस अडकवावा, गळ्याचा पट्टा नव्हे. मागे जोडायची दोनचाकी ढकलगाडीही मिळते, पण ती बुटकी असल्याने मोटारचालकाला दिसत नाही. सोसायटीच्या आवारात किंवा एखाद्या मोकळ्या मैदानावर ठीक. जुन्या पुणे-मुंबई महामार्गावर उंच झेंडा लावूनही नको.

सामान आणल्यावर ते त्याच दिवशी रस्त्यावर नेण्याचा मोह आवरावा लागतो. पहिले चार दिवस हार्नेस घरातच घालावा, सोबत खाऊ द्यावा. मग सायकल हातात धरून चालत न्यावी, कुत्रा डावीकडे. ‘थांब’ आणि ‘हळू’ हे दोनच शब्द पक्के झाले तरी पुरे. दांडी जोडल्यावर प्रथम दहा मिनिटे, तीही दुडक्या चालीने; कुत्रा चौफेर उधळू लागला तर वेग अधिक आहे. भरपेट खाणे आणि धावणे यांत दोन तासांचे अंतर, विशेषतः खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत, कारण त्यांच्या जठराला पीळ पडण्याचा धोका असतो. दर आठवड्याला पाना घेऊन पकडीचे नट आवळावेत, स्प्रिंगला तडा नाही ना पाहावे आणि ताण देऊन हुक उघडून बघावा. धुळीने तो जाम होतो. तेलाचे दोन थेंब पुरतात.

दोरी सतत पुढे ताणलेली असेल तर कुत्र्याला धावायचे आहे. ती मागे ताणली जाऊ लागली, की सायकलवरून उतरावे आणि घरापर्यंत त्याच्यासोबत चालत यावे.